घरी काय सांगसान?

दर शनिवारी दुपारी तीन वाजता आमचे सर आजारी पडत. कधी त्यांच्या छातीत दुखे, कधी त्यांना टीबी निघे, आणि एकदा तर ते वरूडकडची कुणाची तरी सासू होऊन आले होते. डोक्यावरून पांढरा दुपट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत खरोखरची संत्री. ‘दोन वर्सं झाले, सुनेले दिवस कावून नाई जाऊन राह्यले, ते सांगा आदी,’ असा जाब सासूने आमच्यातल्या एका मुलाला विचारला. त्याने सुनेच्या तपासण्यांची यादी म्हणायला सुरुवात केली. सासूने संत्रं सोललं, यादी संपेपर्यंत फोडी खाल्ल्या, मग डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि सर म्हणाले, ‘यादी पाठ आहे. पण तिच्या नवऱ्याची एकही तपासणी त्यात आली नाही. सासूला घाबरलास?’

तो म्हणाला, ‘हो सर.’

‘मग तसं बोल. खरीखुरी सासू समोर येईल तेव्हाही घाबरणारच आहेस. घाबरून काय बोलायचं ते आज ठरवू.’

ही सगळी नाटकं अकोल्यातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात, मेडिसिन विभागाच्या मागच्या खोलीत चालत. सर तिथे प्राध्यापक होते आणि मी एमडी करत होते. पेशंटशी कसं बोलावं हे आता डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमातच आलं आहे. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, वेळापत्रकात जागा आहे. सरांचा तास वेळापत्रकात नव्हता. ते त्याला ‘बोलायचा तास’ म्हणत, आणि पाच वाजले की जिथे असेल तिथे तो तोडून अमरावतीची गाडी गाठायला निघत. त्यांची बायको अमरावतीत बँकेत होती, घर तिथेच होतं. आठवडाभर अकोल्याच्या क्वार्टरमध्ये आणि रविवारी घरी, असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं चालला होता.

सर उंच, किडकिडीत, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. मूळचे पुण्याचे. दोन वर्षांसाठी म्हणून अकोल्याला आले ते निवृत्त होईपर्यंत हलले नाहीत. वऱ्हाडी त्यांनी पेशंटांकडून उचलली होती आणि उचलताना बरीच सांडली होती. जिथे ‘ला’ येतो तिथे ‘ले’ लावायचं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे ते कशालाही ‘ले’ लावत. एकदा एका म्हातारीच्या खाटेशी बसून त्यांनी विचारलं, ‘आजी, तुमीले काय होऊन राहिलं?’

आजीला दम लागला होता. तरी तिने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, ‘तुमाले म्हन बापू. तुमीले नाई.’

‘तुमाले,’ सर म्हणाले.

‘हाव. तुमाले.’

‘तुमाले, तुमाले, तुमाले,’ असं सरांनी भर वॉर्डात तीनदा घोकलं. मागे आम्ही आठ-दहा जण खाली माना घालून उभे. आजी मात्र त्यानंतर जी बोलायला लागली ती थांबेना. आधी दोन दिवस तिने आमच्यापैकी कुणाला ‘हो’ आणि ‘नाही’पलीकडे काही सांगितलं नव्हतं. आता चुलीच्या धुरापासून ते मुलाच्या बिडीपर्यंत आणि रात्री उशाला तीन उशा लागतात इथपर्यंत सगळं बाहेर आलं. सर स्टुलावर बसून ऐकत होते. राउंडला ते निळं प्लास्टिकचं स्टूल स्वतः उचलून खाटेखाटेशी नेत. नवीन आलेल्यांना वाटे, सरांचे गुडघे गेले असावेत.

त्यांच्या राज्यात तीन वाक्यांना बंदी होती. ‘घाबरायचं काही नाही’, ‘काळजी करू नका’ आणि ‘समजलं ना?’. यांतलं एखादं ज्याच्या तोंडून निघेल त्याला शिक्षा अशी, की वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर पांघरूण घेऊन अर्धा तास आडवं पडायचं. बाकीच्यांनी भोवती उभं राहून त्याच्या पोटाविषयी इंग्रजीत चर्चा करायची आणि त्याच्याकडे बघायचं नाही. मला ही शिक्षा पहिल्याच महिन्यात झाली. आधी हसू आलं. पाच मिनिटांनी वरचा पंखा, पाच हनुवट्या आणि ‘हर लिव्हर’ एवढंच उरलं. माझं लिव्हर ठणठणीत आहे हे मला माहीत होतं, तरी खाटेवरून उतरताना मी हळूच बरगडीखाली हात लावून बघितला.

‘समजलं ना?’वर त्यांचा विशेष राग. ते म्हणत, ‘या भागातल्या माणसाला समजलं का विचारा, तो हो म्हणणार. तुम्ही एवढं बोललात, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणणार.’ त्याऐवजी ते प्रत्येक पेशंटला उठताना एकच विचारत, ‘आता घरी काय सांगसान?’ हे वाक्य त्यांना कुणीतरी नीट शिकवलं असावं, कारण यात त्यांची चूक होत नसे. आणि मग पेशंट घरी जे सांगणार ते ऐकून आम्ही थक्क होत असू. एका काकांना मी ‘उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या’ असं सांगितलं होतं. साखर भलतीच वाढलेली निघाली. मी गोळ्या वाढवायला निघाले होते. सरांनी स्टूल टेकवून विचारलं, ‘काका, सकाळी घरातून निघताना काय सांगून निघालात?’

‘सांगतलं ना, आज उपास हाये म्हनून.’

‘मग?’

‘मंग बुढीनं साबुदान्याची उसय करून देल्ली. अन् दोन केळं. उपासाचंच खाल्लं साहेब, दुसरं काई नाई.’

सर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘चुकलं कोण?’ मी म्हणाले, ‘मी.’ ‘नाही, तू शब्द बरोबर वापरलास. बरोबर शब्द वापरून चुकलीस, ते जास्त शिकण्यासारखं आहे.’

शनिवारच्या तासाला मार्क द्यायचं काम सरांनी स्वतःकडे ठेवलं नव्हतं. ते वॉर्डातल्या कुसुममावशींकडे होतं. मावशी तीस वर्षं वॉर्डात झाडलोट, खाटा, चादरी बघत होत्या. त्या भिंतीला टेकून बसत आणि नाटक संपलं की निकाल देत. ‘हा पोरगा बोलते बरा, पन ऐकत नाई.’ ‘हे मॅडम घड्याळाकडे पाह्यते.’ एका हुशार मुलाला त्यांनी सलग चार शनिवार नापास केलं. तो वैतागून म्हणाला, ‘मावशी, मी गोल्ड मेडलिस्ट आहे.’ मावशी म्हणाल्या, ‘असशीन. पन तू इचारते अन् उत्तर बी तूच देते. मंग बुढ्याचं काय काम हाये?’

सर हे सगळं का करतात, हे आम्ही त्यांना तीन वेळा विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, तरुणपणी एका बाईला मी चुकीचं बोललो, ती परत आली नाही. एकदा म्हणाले, मला हृदयाचे ठोके नीट ऐकू येत नाहीत, म्हणून माणूस ऐकतो. तिसऱ्यांदा म्हणाले, शनिवारी दुपारी दुसरं काही नसतं. यातलं खरं कुठलं ते मला आजही माहीत नाही.

एक मात्र सांगायला हवं. पेशंटशी लोण्यासारखं बोलणारा हा माणूस इतरांशी अगदी फटकळ होता. वरिष्ठांचा फोन आला की ‘हं’, ‘नाही’, ‘बघतो’ असे तीन शब्द आणि खट्. गुड मॉर्निंगला त्यांनी कधी उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही. आणि माझ्याशी तर त्यांचं एका गोष्टीवरून सारखं वाजे, ती म्हणजे माझी भाषा.

मी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली. आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली पिढी त्यांची, आणि भाषा सुधारली की माणसाला कुणी मागे बसवत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. घरात ‘मले’ निघालं की ते जेवता जेवता थांबत आणि चष्म्यावरून बघत. ओरडत नसत. त्या बघण्यानेच मी आणि माझा भाऊ ‘मला’, ‘तुला’, ‘कशासाठी’ बोलायला शिकलो. विहारात वंदनेला जमलेल्या बायका म्हणत, ‘गुर्जीची पोरगी रेडिओवानी बोलते.’ मला ते आवडे. त्या भाषेवर मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धा जिंकल्या, हॉस्टेलमध्ये मुंबई-पुण्याच्या मुलींच्या बरोबरीने बसले. आणि आता हे पुण्याचे सर मला भर वॉर्डात सांगत, ‘तू बातम्या देतेस. बोलत नाहीस.’ मी गप्प बसे आणि आतून चिडे.

प्रमोद आला तो अशाच एका आठवड्यात. चौतीस-पस्तीस वर्षांचा, नांदगाव पेठच्या (हे आमच्याहून वेगळं नांदगाव) एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत कामाला. अकोल्याला बहिणीकडे आला होता, तिथे रात्रीतून दम लागला, म्हणून तिने आमच्याकडे आणलं. पाय सुजलेले, ब्लडप्रेशर छताला. कित्येक वर्षं ते वाढलेलं असणार, त्याला पत्ताच नव्हता. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. औषधांनी दम तात्पुरता कमी झाला, पण दोन-चार दिवसांत डायलिसिस सुरू करणं भाग होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्याला आणि त्याच्या बायकोला, वैशालीला, मी समोर बसवलं आणि वीस मिनिटं समजावून सांगितलं. मला अजून ते भाषण आठवतं. ‘आपल्या मूत्रपिंडांची कार्यक्षमता अत्यंत कमी झालेली आहे. त्यामुळे आपल्याला लवकरात लवकर मशीनवर घ्यावं लागेल.’ मी आकृती काढली. घाईत नव्हते, उद्धट नव्हते, एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही. प्रमोद दर वाक्याला ‘हो मॅडम’ म्हणत होता. शेवटी सरांचा तो प्रश्न विचारायचा होता, पण ‘सांगसान’ हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, ‘समजलं ना?’ तो म्हणाला, ‘हो मॅडम.’

शुक्रवारी सकाळी खाट रिकामी होती. दोघं पहाटेच न सांगता निघून गेले होते. फोन बंद. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘घरी गेला असन, मले काई बोल्ला नाई.’

मी केसपेपरवर ‘न सांगता निघून गेला’ असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. असे पेशंट जातातच. शनिवारच्या राउंडला सर त्या खाटेशी थांबले.

‘हा कुठे गेला?’

मी सांगितलं.

‘तू त्याला काय सांगितलं होतंस?’

मी सगळं भाषण म्हणून दाखवलं. सरांनी मधे कुठे अडवलं नाही. मग विचारलं, ‘आणि त्याने काय ऐकलं?’

‘ते मला कसं कळणार, सर?’

‘तेच म्हणतो मी,’ सर म्हणाले. ‘चल, विचारून येऊ.’

मला वाटलं बहिणीकडे जायचं असेल. सरांनी राउंड दुसऱ्यावर सोपवला, क्वार्टरसमोर धूळ खात उभी असलेली आपली जुनी पांढरी गाडी काढली, काचेवरची धूळ हातरुमालाने पुसली आणि केसपेपरवरचा पत्ता माझ्या हातात दिला. नांदगाव पेठ, म्हणजे अमरावतीच्याही पुढे. दोन-अडीच तासांचा रस्ता.

बोरगाव मंजू मागे पडल्यावर सर एकदम म्हणाले, ‘तू त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलली असतीस तर तो थांबला असता. तुला येते ना? मला तरी शिकावी लागली.’

मी दोन वर्षं गिळलेलं त्या गाडीत बाहेर पडलं. म्हणाले, ‘सर, तुम्ही चुकीचं ‘मले’ म्हणता तेव्हा लोकांना कौतुक वाटतं, पुण्याचा एवढा मोठा डॉक्टर आमच्यासारखं बोलतो म्हणून. मी बरोबर ‘मले’ म्हटलं तर लोक म्हणतील, ही आपल्यातलीच, खेड्यातली, हिला काय येतंय. माझ्या बाबांनी ती भाषा काढायला आयुष्य घातलं. तुम्हाला ती छंद म्हणून परवडते.’

सर समोर बघून गाडी चालवत होते. मूर्तिजापूरला त्यांनी गाडी बाजूला घेतली, दोन चहा सांगितले, पहिला ग्लास मला दिला आणि म्हणाले, ‘हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. वीस वर्षांत.’ मग चहाचे पैसे देताना, ‘तू म्हणतेस ते बरोबर आहे.’ पुन्हा गाडीत बसल्यावर त्यांनी भाषेचा विषय काढला नाही.

प्रमोदचं घर सापडायला वेळ लागला नाही. कंपनीच्या मागच्या वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्या, दारात तुळस आणि एक लहान सायकल. प्रमोद भिंतीला टेकून बसला होता. आडवं पडलं की दम लागत होता. आम्हाला बघून वैशालीने पदर सावरला, आणि पहिलं वाक्य बोलली ते, ‘आमी सही नाई करनार.’

‘सही मागायले नाई आलो,’ सर म्हणाले आणि प्रमोदच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. ‘रागवायले पण नाई आलो.’

‘रागवाले,’ प्रमोद म्हणाला. एवढ्या दमातही त्याच्या तोंडावर हसू आलं.

‘रागवाले. बरं, प्रमोदभाऊ, एकच विचारतो. या मॅडमनं तुमाले दवाखान्यात जे सांगतलं, ते तुमी घरी आल्यावर काय सांगतलं?’

प्रमोदने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, ‘सांगाचं काय? म्हने दोनी किडन्या गेल्या अन् मशीनवर ठेवाचं म्हनते. मंग मीच म्हनलं, घरीच चला.’

‘मशीनवर ठेवतात म्हणजे काय करतात?’

प्रमोद भिंतीकडे बघत होता. तिथे एका तरुण माणसाचा हार घातलेला फोटो होता. अगदी प्रमोदसारखा चेहरा.

‘मोठा भाऊ माहा,’ तो म्हणाला. ‘करोनात गेला. मशीनवर ठेवला होता. पाच दिवस. आमाले काचेतून दाखोलं, तोंडात नळी घातलेली. सहाव्या दिवशी बांधून देल्ला. तोंड नाई पाहू देल्लं मायले.’ त्याने श्वास घेतला. ‘मले तसं नाई जाचं साहेब. इथं पोरगी समोर असते.’

मला तिथून उठून जावंसं वाटलं. आकृती काढून वीस मिनिटं मी ज्याला मशीन म्हणत होते, ते त्याने सबंध वेळ भावाच्या तोंडातल्या नळीसकट बघितलं होतं, आणि तरी दर वाक्याला ‘हो मॅडम’ म्हणत राहिला होता.

सरांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘प्रमोदजी, ते यंत्र वेगळं होतं, डायलिसिस ही प्रक्रिया...’ आणि थांबले. ‘प्रक्रिया’ हा शब्द त्या खोलीत कसा वाजला ते माझं मलाच ऐकू आलं. मी त्याच्यासमोर खाली बसले.

‘दादा,’ मी म्हणाले, ‘ते मशीन येगळं अन् हे येगळं. ते श्वासाचं होतं. हे रगत धुवाचं हाये. नसेतून रगत घेते, धुते, अन् पुन्ना आंगातच देते. तोंडात काई नाई घालत. तुमी जागे राह्यता, बोलता, चहा पेता. चार घंटे लागते. मंग आपल्या पायानं घरी याचं.’

वैशाली पुढे सरकली. ‘मले बाजूले बसू देतीन?’

‘देतीन. काचेबाहेर नाई ठेवत कोनाले.’

‘एक डाव केलं का झालं?’

हा प्रश्न टाळता आला असता. मी म्हणाले, ‘नाई ताई. किडनी याच्यानं बरी नाई होत. आठोड्यातून दोनदा-तीनदा, जन्मभर कराव लागन, नाई तर घरातल्या कोनाची किडनी बसवाव लागन. हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पन दादा कामावर जाऊ शकते. पोरगी मोठी होताना पाहू शकते.’

‘सांगून ठेवतो’ म्हणाले मी, ‘ठेवते’ नाही. आमच्या गावच्या बायका बोलतात तसं. किती वर्षांनी, कुणास ठाऊक.

प्रमोदने पुन्हा फोटोकडे बघितलं. मी विचारलं, ‘आता गावी मायले फोन लावला तर काय सांगसान?’

तो म्हणाला, ‘आमच्या कंपनीत कापड धुवाचं मशीन हाये. घान कापड इकडून जाते, साफ तिकडून येते. सांगीन, तसंच हाये म्हनून. कापड काई मरत नाई त्याच्यात.’

मी बोलायला लागल्यापासून सर तेव्हा पहिल्यांदा बोलले. ‘प्रमोदभाऊ, चूक आमची झाली. मशीन म्हटल्यावर तुमाले काय आठवन, ते आमी विचारलंच नाई.’ ‘आमची’ म्हणाले. वास्तविक चूक माझी होती, आणि परतीच्या वाटेवर किंवा नंतर कधीही त्यांनी हा शब्द दुरुस्त केला नाही.

वैशालीने पिशवी भरली. मुलीला शेजारी सोपवलं. दाराला कडी लावता लावता तिने मला विचारलं, ‘मॅडम, तुमी कोन्या गावच्या?’

‘नांदगाव खंडेश्वरच्या बाजूची.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘मंग त्या दिवशी कावून तशा बोलत होत्या? मले वाटलं पुन्याच्या हायेत.’

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. सर गाडीचं दार उघडं धरून उभे होते, त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

अमरावतीत सरांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे त्याच संध्याकाळी प्रमोदचं पहिलं डायलिसिस लागलं. वैशाली खुर्ची ओढून शेजारी बसली आणि नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे चार तास डोळा न हलवता बघत राहिली. मधे आम्ही सरांच्या घरी जेवायला गेलो. वाटेत त्यांनी गिला वडा, म्हणजे इथला दहीवडा, बांधून घेतला. काकूंनी दार उघडलं, सर ‘ही माझी विद्यार्थिनी’ एवढं म्हणून आत गेले, ते हात धुऊन पेपर उघडून बसले ते जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत. काकू मला म्हणाल्या, ‘दवाखान्यात हे फार छान बोलतात म्हणे. मी एकदा केसपेपर काढून येणार आहे.’ सरांच्या हातातला पेपर जरासा हलला.

त्या दिवसाने मी लगेच बदलले वगैरे काही झालं नाही. पुढच्या सोमवारीही माझ्या तोंडात आधी ‘कार्यक्षमता’च आली. पण पेशंटचा चेहरा कोरा दिसला की मी वाक्य सोडून देऊ लागले आणि आमच्या गावच्या बोलीत पुन्हा सुरुवात करू लागले. बाबांना हे सांगायला मला वर्ष लागलं. ते चष्म्यावरून बघतील अशी तयारी ठेवली होती. ते म्हणाले, ‘दोन्ही येतात ना? मग झालं. मला एकच देता आली.’ आणि कुसुममावशींनी एका शनिवारी मला पास केलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. शेरा असा होता, ‘आता घरच्यावानी वाटते.’

सर निवृत्त होऊन आता अमरावतीतच असतात. मीही तिथेच आहे, एका डायलिसिस विभागात. प्रमोद आठवड्यातून तीनदा येतो. कंपनीने त्याला गेटवरचं बसून करायचं काम दिलं आहे, आईची किडनी जुळते का ते बघणं चालू आहे, मुलगी चौथीत गेली. नवीन इंटर्न आले की पहिल्या दिवशी मी त्यांचा तास घेते, आणि त्या तासाला प्रमोदला बोलावते. मला जमत नाही इतकं चांगलं तो सांगतो.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका तासाला खोलीचं मागचं दार उघडलं आणि सर आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. मी बोलावलं नव्हतं. हातात भाजीची पिशवी होती, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. प्रमोदने त्यांना बघून मान हलवली आणि बोलत राहिला. मुलांना सांगत होता, ‘मशीन म्हनाच्या आदी इचारा, तुमच्या घरात कोनी मशीनवर गेलतं का. गेलतं असन तर पयले त्याचं ऐका. तुमचं मंग सांगा.’ एका मुलीने विचारलं, पेशंट सारखा ‘हो’ म्हणत असेल तर काय समजायचं. प्रमोद म्हणाला, ‘समजाचं का तो भेला. मी सोळा डाव हो म्हनलं होतं अन् पयल्या गाडीनं पळालो.’ मुलं हसली. मी मधे काही मुद्दे जोडले, दोन-तीन शब्दांचे अर्थ सांगितले, वेळेची आठवण करून दिली.

तास संपल्यावर मी सरांकडे गेले. खरं सांगायचं तर मी कौतुकाची वाट बघत होते. एवढी वर्षं झाली होती, समोर हा माणूस जिवंत बोलत होता, मुलं लिहून घेत होती.

सरांनी पिशवी उचलली. ‘तू मधे दोनदा बोललीस,’ ते म्हणाले. ‘गरज नव्हती.’ आणि प्रमोदच्या खांद्यावर हात टेकवून निघून गेले.

मी तिथेच उभी. प्रमोद, मुलांना डायलिसिसची नस दाखवायला वर केलेली शर्टाची बाही खाली करत माझ्याजवळ आला.

‘साहेब खूश हायेत आज,’ तो म्हणाला.

‘कशावरून?’

‘दोनदाच म्हनले ना. मी मोजत होतो. तुमी पाचदा बोलल्या.’